अर्धा फेर ढिला नट

किस्से मी काही गोळा करायले जात नाई बाप्पा! ते आपोआप जमतात, अन् त्याले कारण माह्या धंदा. इंजिनाच्या मिस्त्रीचं बरं असते. गिऱ्हाईक गाडी टाकते, "संध्याकाळी येतो" म्हणते अन् जाते. माह्यं तसं नाई. मी मोटारसायकलीची लाईन पाहतो, म्हणजे वायरिंग, बॅटरी, स्विच. अन् माह्यापाशी येणाऱ्या सगळ्यायची एकच तक्रार: "भाऊ, चालता चालता एकदम बंद पडते. लाईट नाई, हॉर्न नाई, काहीच नाई. मग आपल्या मनानं चालू होते!"

आता ते कधी बंद पडेल, ते तिचं तिलेच ठाऊक. मग मी म्हणतो, बसा. गिऱ्हाईक स्टुलावर बसते, मी गाडी चालू करून ठेवतो, अन् आम्ही दोघं वाट पाहतो. वाट पाहताना माणूस काय काय बोलते! भावाचं, धानाचं, साहेबाचं, सासऱ्याचं. पोटातलं सारं बाहेर निघते, गाडीतला फॉल्ट तेवढा निघत नाई.

आलापल्लीवरून भामरागडकडं जाणाऱ्या रस्त्याले माह्यं दुकान आहे. दुकान कसलं, टिनाचं शेड. मागच्या खोलीत मी राहतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, पोरगी लग्न होऊन नागपूरले गेली. खरं सांगू काय, मले हे बसून राहणारं गिऱ्हाईक लय आवडते. दुःख एकच आहे. ज्याची गाडी बरी झाली, तो पुन्हा येत नाई. काम चांगलं केलं, की माणूस गेला! डॉक्टरकडं निदान सर्दी-खोकल्यासाठी तरी लोकं परत येतात.

• • •

कोडापे नावाचे एक वनरक्षक होते. तरुण माणूस, गाडी पण जवळपास नवीनच. ते म्हणत, "भाऊ, ऑफिसले जातानाच बंद पडते. घरी येताना कधीच नाई."

त्यायचे साहेब त्यायले म्हणत, "कोडापे, तुमची गाडी तुमच्यापेक्षा हुशार दिसते!"

तीनदा आले. तीनही वेळा गाडी माह्यापुढं शहाण्या लेकरासारखी उभी. फ्यूज पाहिला, बॅटरी पाहिली, सारं ठीक. चौथ्यांदा मी म्हटलं, "गाडी राहू द्या साहेब, रस्ता सांगा. घरून निघालं की काय काय लागते?"

"आधी हापशी. मग शाळा. मग नाका. नाक्यावर तो आडवा पाईप लावला आहे नं, त्याच्या बाजूनं गाडी डावीकडं पूर्ण वळवली, की बंद!"

"अन् येताना?"

"येताना उजवीकडं."

मी चालू गाडीचं हँडल डावीकडं शेवटपर्यंत फिरवलं. गाडी चूप! सरळ केलं, हॉर्न वाजला. हँडलच्या मानेपाशी ताणून ताणून एक तार आतल्या आत तुटली होती. वरचं प्लास्टिक साबूत, म्हणून दिसत नव्हती.

कोडापे साहेब आता खुश होतील म्हणून मी त्यायच्या तोंडाकडं पाहिलं, तर ते चिंतेत!

"भाऊ, आजच जोडता काय?"

"पाच मिनिटांचं काम आहे."

"नाई, म्हणजे... या हप्त्यात ऑफिसले इन्स्पेक्शन आहे. पुढच्या सोमवारी जोडली तर नाई चालणार काय?"

मी तेव्हाच जोडून दिली. आता कोडापे साहेब दुकानावरून जाताना हात हलवतात, थांबत नाईत.

• • •

मले हे काम शिकवलं चंद्रपूरच्या रहीमचाचानं. त्यायच्यापाशी हत्यार म्हणजे दोन तारा लावलेला एक बल्ब. तारेत करंट असला की बल्ब पेटते, नसला की नाई. चाचा म्हणत, "बेटा, तार कभी झूठ नहीं बोलती. आदमी बोलता है. इसलिए पहले तार से पूछ."

एकदा एक किराणावाले शेठ आले. त्यायची गाडी खड्ड्यात गेली की बंद पडे. मी लगेच सीट खोलायले घेतली. चाचानं बल्ब हातात पण घेतला नाई. ते नुसते चाबीकडं पाहून राह्यले. चाबीले हा एवढा गुच्छा! दुकानाची चाबी, गोदामाची चाबी, कपाटाची, पेटीची, अन् कुलपंच हरवून गेली अशा चार-पाच. खड्डा आला की गुच्छा झोका घेई, अन् झिजलेला स्विच आतल्या आत सरके.

चाचानं गाडीची चाबी तेवढी वेगळी काढली अन् बाकीचा गुच्छा शेठच्या हातात दिला. "लो सेठ, हो गई!"

शेठ खुश व्हायचं सोडून गुच्छ्याकडंच पाहून राह्यले. "चाचा, ये घर में रखा तो बीवी अलमारी खोलती है!"

"तो फिर नया स्विच लगा दूँ?"

"लगाओ! मजबूतवाला लगाओ!"

चाचा आता थकले, पोराकडं राहतात. कानानं ऐकू येत नाई. तरी दर ईदले मी फोन लावतो. ते म्हणतात, "कौन?" मी नाव सांगतो. ते पुन्हा म्हणतात, "कौन?" मी पुन्हा सांगतो. मग पोरगा फोन घेते अन् म्हणते, "अब्बा खुश हो रहे हैं." मी म्हणतो, बस झालं.

• • •

आत्रामबाई म्हणून एक अंगणवाडीच्या बाई आहेत. नवरा नाई, गाडी स्वतःच चालवतात, अन् जंगलातल्या रस्त्यानं भल्याभल्यायच्या पुढं काढतात. त्यायची गाडी सोमवारी सकाळी मेलेली असे. लाईट नाई, हॉर्न नाई. मंगळवारी पाहावं तर एकदम ठीक! दोन महिने माह्यं डोकं खराब. सोमवार ओळखणारी गाडी मी जिंदगीत पाहिली नव्हती.

शेवटी सीटखालून निघालेली एक बारीक तार दिसली. तिले मोबाईलचं चार्जर जोडलेलं!

"बाई, हे काय?"

"ते होय? गावात लाईट दोन-दोन दिवस येत नाई. मग रविवारी लोकं फोन आणतात, मी लावून देते."

"किती फोन?"

"गाडी एक अन् फोन बावीस!"

मी कपाळाले हात लावला. म्हटलं, "बाई, तुमच्या गावात तर रेंज पण नाई. बावीस फोन चार्ज करून लोकं काय करतात?"

"गाणे ऐकतात. पोरं गेम खेळतात. अन् एक म्हातारा आहे, त्याचा पोरगा तेलंगणात मिरची तोडायले गेला, तो तिकडंच राह्यला. जाताना फोनमधी आपलं बोलणं भरून गेला. म्हातारा रोज एकदा लावते. काय बोलला आहे ठाऊक आहे? 'बाबा, बैल बांधले काय?' एवढंच!"

मी ती तार कापणार होतो. नाई कापली. बाईंना मोठी बॅटरी बसवून दिली.

• • •

पांडू मडावी आतमधल्या एका गावचे, पन्नाशीचे. पोरानं घेऊन दिलेली गाडी चालवत. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या गावाच्या शिवेवर येनाचं मोठं झाड आहे. तिथी पोचलो की गाडी बंद!"

त्या झाडापाशी त्यायचा देव आहे. जाणारा-येणारा तिथी थांबून एक पानाची डहाळी ठेवते, ही त्यायची रीत. पांडूदादा पहिले सायकलनं जात तवा थांबत. गाडी आली अन् थांबणं सुटलं. अन् मग गाडीच थांबायले लागली!

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"उतरतो. डहाळी ठेवतो. बसतो, दोन शब्द बोलतो, एक विडी ओढतो. मग किक मारली की चालू!"

आता कोणी हसलं असतं. मी नाई हसलो, मले त्यात माह्यं काम दिसलं. आलापल्लीवरून त्या झाडापर्यंत सव्वा तास. अन् एक विडी म्हणजे पाच-सात मिनिटं. म्हणजे गरम झाली की जाते, थंड झाली की येते! मी दुकानातच गाडी सव्वा तास चालू ठेवली. पांडूदादा स्टुलावर, मी पाट्यावर. बरोबर सव्वा तासानं गाडी गेली. फ्यूजच्या डब्बीत एक टोक ढिलं होतं, गरम झालं की सुटे. बदलून टाकलं.

महिन्याभरानं ते बाजारात दिसले. मी म्हटलं, "दादा, आता तर झाडापाशी थांबावं नाई लागत?"

"थांबतो नं!"

"काऊन? गाडी तर बरी झाली."

त्यायनं माह्याकडं असं पाहिलं, जसा मीच बिघडलेलो आहो. "गाडीचं काय भाऊ! इतके दिवस बसलो, बोललो, अन् आता तसाच निघून जाऊ काय? त्याले काय वाटेल?"

दुकानावरून बरी झालेली गाडी घेऊन इतकी माणसं जातात. असा विचार करणारा मी एकच पाहिला, अन् तो पण देवासाठी. घरी येऊन मले उगाच वाईट वाटलं.

• • •

कधी कधी फॉल्ट दुकानात येतच नाई. मग त्याले भेटायले आपल्याले जंगलात जावं लागते. एका ठेकेदाराची गाडी घेऊन मी भर दुपारी निघालो. एक घंटा फिरलो, दोन घंटे फिरलो. अन् सागाच्या जंगलात एका उतारावर गाडी फटकन गेली! मी तर उडीच मारली. गाडी बंद पडल्यावर नाचणारा माणूस दुनियेत एकच, तो म्हणजे वायरिंगवाला!

डोक्यावर सरपण घेऊन दोन बाया येऊन राह्यल्या होत्या. एक जण म्हणाली, "भाऊ, काऊन हासून राह्यले?"

"गाडी बंद पडली बाई!"

दोघींनी एकमेकीकडं पाहिलं अन् पाय उचलले. मागं वळून पण पाहिलं नाई.

मी पिशवीतून बल्ब काढला, तार लावणार, तर हॉर्न आपल्या मनानं वाजला. लाईन परत आली! मग काय, बसलो झाडाखाली, ती पुन्हा जायची वाट पाहत. "पड नं माय, एकदा बंद पड," असं मी तिले चार वाजेपर्यंत म्हणत होतो. नाई पडली.

रेंजमधी आलो तवा पोरीले फोन लावला. आज काय मजा झाली, ते सांगायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, मीटिंगमधी आहे, मंग करते." बिचारीचं पण बरोबर आहे, नोकरी आहे तिची. मग तो किस्सा मी आज तुम्हाले पहिल्यांदा सांगून राह्यलो.

• • •

आता निकुरे सरांचं सांगतो.

निकुरे सर नागभीडकडचे. नोकरी मात्र भामरागडच्या रस्त्यानं चाळीस किलोमीटर आतमधल्या एका शाळेवर. पोरं सतरा, मास्तर एक. बायकोची नोकरी तिकडं गावाकडं, लेकरू तिच्यापाशी. जूनमधी, शाळा उघडली त्या हप्त्यात, एका रविवारी सर गाडी घेऊन आले. तीच तक्रार, खड्डा आला की सारंच बंद.

मी पंधरा मिनिटांत पकडलं. बॅटरीची अर्थिंगची तार जिथी गाडीच्या लोखंडाले नटानं कसली असते, तो नट ढिला होता. दुसरं काही नाई. पाना लावला अन् कसायले घेतला.

तवा सर स्टुलावरून म्हणाले, "भाऊ, वाईट नका मानू, मी जास्त बोलून राह्यलो. गावातली माणसं लय चांगली आहेत. पण त्यायची माडिया बोली मले अजून धड येत नाई, अन् पोरं गेली की शाळेत मी एकटाच. सोमवारपासून आज पहिल्यांदा कोणासंग मनासारखा बोलून राह्यलो."

बोलता बोलता त्यायनं डब्बा उघडला. स्वतःच्या हातची जाड पोळी अन् वांग्याची भाजी. अर्धी पोळी मोडून माह्यापुढं धरली. "घ्या नं. एकट्यानं जेवून कंटाळा आला."

मी पोळी घेतली. अन् त्या नटाचा शेवटचा अर्धा फेर मी कसलाच नाई. माह्या तोंडातून निघालं, "सर, आज तर नाई सापडून राह्यलं. पुढच्या रविवारी आणा."

का केलं? आता काय सांगू! बाराव्या वर्षापासून हातात पाना आहे, असं पाप कधी केलं नव्हतं. पण नट कसला असता तर सर पण रस्त्यावरून हात हलवत गेले असते.

पुढच्या रविवारी सर आले. "पडली काय बंद?" मी विचारलं. "पडली नं भाऊ, दोनदा!" मले पोटातून आनंद झाला, अन् त्या आनंदाची लाज पण वाटली.

मग दर रविवार तसाच. मी स्विच खोलला, फ्यूजची डब्बी खोलली, हेडलाईट खोलला, पूर्ण वायरिंग तारेतार पाहिली. ती एक जागा सोडून सारी गाडी खोलून झाली. सर हातात टॉर्च धरून बसत. मी घरी दोन माणसांचा भात टाकायले लागलो. सर पोरांच्या वह्या तपासायले आणत अन् मधीच वाचून दाखवत. एका पोट्ट्यानं 'माझे वडील' यावर निबंध लिहिला होता: "माझे वडील सकाळी उठतात. मग संध्याकाळ होते." आम्ही दोघं अर्धा घंटा हसलो!

पावसाळा गेला. दिवाळीले सर गावाकडं गेले, तर दोन रविवार मले दुकान खायले उठलं. परत आले तवा म्हणाले, "बसने गेलो होतो भाऊ, गाडी शाळेतच होती. पण आल्या आल्या बंद पडली बरं का!" हिवाळा पण गेला. मोहाची फुलं पडायले लागली.

अन् त्या मोहाच्या दिवसांत एका रविवारी सर आलेच नाईत. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. भात गार झाला. मी रस्त्यावर जाऊन उभा राह्यलो. येणाऱ्या एका जीपवाल्याले विचारलं, "रस्त्यात कोणी मास्तर दिसले काय, गाडी बंद पडलेले?" तो नाई म्हणाला. मी पुढच्या जीपची वाट पाहत तिथीच थांबलो.

साडेबाराले सर आले. घामानं ओले, पण हसत.

"भाऊ, आज तर वाचलो! मोहाच्या झाडापाशी गाडी बंद. अन् झाडाखाली अस्वल! हे एवढं, फुलं खाऊन राह्यलं. मी गाडीवर तसाच पुतळा होऊन बसलो. किक मारावी तर ते मान वर करे. एक घंटा झाला, त्याचं पोट काही भरेना!"

सर सांगत होते अन् हसत होते. अस्वलानं तोंड फोडलेली माणसं मी पाहिली आहेत. हे माह्या अर्ध्या फेरापायी! तो नट मी तेव्हाच कसायले पाहिजे होता. पण सर समोर टॉर्च घेऊन बसले होते, अन् त्यायच्यापुढं ती जागा खोलायची माह्यी हिंमत झाली नाई. संध्याकाळी ते तसेच निघून गेले, अन् मी त्यायले जाऊ दिलं.

तो हप्ता मी कसा काढला, मलेच ठाऊक. सांगतलं तर सर जातील. नाई सांगतलं तर एक दिवस जंगलातच राहतील. तीन दिवस जेवण गेलं नाई. बायको असती तर तिनं लाटणंच घातलं असतं. शनिवारी मी ठरवलं. उद्या सर आले की आधी नट कसायचा, मग तोंडावर सांगायचं: "सर, दहा महिने मी तुम्हाले फसवलं." पुढं शिव्या दिल्या तर खायच्या. अन् पुन्हा नाई आले तर नाई.

रविवारी सर आले, वेळेवर. स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाले, "थांबा, आज चहा मी आणतो," अन् समोरच्या टपरीवर गेले.

मी पाना घेतला अन् बाजूचं कव्हर काढलं. जूनपासून पहिल्यांदा.

नट कसलेला होता.

नुसता कसलेला नाई. खाली नवीन वॉशर होता. वर ग्रीस लावलेलं होतं. तारेच्या टोकाले काळी टेप होती, कशी, तर वहीले कव्हर घालावं तशी, कोपरे दुमडून, एक सुरकुती नाई. अन् त्या टेपवर, ग्रीसवर, वॉशरवर मागच्या पावसाळ्यातला लाल चिखल वाळून दगड झाला होता. नखानं खरवडला, तरी निघेना.

मी तसाच उकिडवा बसून राह्यलो. मग कव्हर परत लावून टाकलं. स्क्रू चांगले कसले.

सर दोन हातांत दोन चहा घेऊन आले. एक माह्यापुढं धरला.

"सापडलं काय भाऊ?"

"नाई सर," मी म्हटलं. "आज पण काही दिसून नाई राह्यलं. या हप्त्यात पडली काय बंद?"

"अरे बापा, विचारू नका!" सर स्टूल ओढून बसले. "गुरुवारी पुन्हा त्याच झाडापाशी. अन् भाऊ, या बारीले तर अस्वलासंग दोन पिल्लं होती!"